मग पाळक कशाला?

कामशेत, रविवार

प्रिय पप्पा,
सलाम.

लोणावळ्याच्या शिबिरात आम्हा पाळकांना शिकवलं, लगेच उत्तर देऊ नका, आधी विचारा. आपल्या चर्चमधल्या शेवंतामावशींनी सुनेशी अबोला धरला होता. "काय करू?" म्हणाल्या. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"तेच ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते? तुमचे पप्पा पाळक होते तेव्हा झटक्यात सांगायचे!" आणि तरातरा निघून गेल्या.

आज उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर त्या सुनेला म्हणत होत्या, "तुला काय वाटतं, गं?" सून रडायलाच लागली.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. मला पाळक व्हायचंय का, हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तेव्हा विचारलं असतंत, तर नाही म्हणालो असतो.

आज विचारलंत, तर हो म्हणेन.

तुमचा,
प्रबोध