घराचा मालक बाहेर गेला आहे

प्रिय भावजींना,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला गेला का? (माझ्या सांगण्यावरून औषध बदललं असेल तर गेला नसणार.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी गप्प झाले की तुम्ही "हॅलो, हॅलो, रेंज गेली वाटतं" म्हणून ओरडता, आणि मग मलाही रेंजच गेली असं म्हणावं लागतं.

इकडे मी मजेत आहे. घराने मला चोर ठरवलंय, एवढं सोडलं तर.

तुमच्या भावाने दाराशेजारी बसवलेलं ते पॅनेल तुम्ही पाहिलंच आहे. दिवे, पडदे, गीझर, कुलूप, सगळे त्याच्या हुकमात. माझा फोनही त्यात नोंदवायला ते मागे लागले होते. मी म्हटलं, "मी घरातच असते. ते घराला फोनने कशाला कळवायचं?" (एकोणीस वर्षांत मी जिंकलेला हा एकमेव वाद.) त्यामुळे पॅनेल ओळखतं फक्त त्यांना, तेही त्यांच्या फोनवरून. फोन घरात म्हणजे मालक घरात. कामावर निघाले की लिफ्टमध्ये ते फोनवर काहीतरी दाबायचे. मला वाटायचं, स्कोअर बघतात. मागे वळून बघायलाही सवड नाही माणसाला. ते 'घरात माणूस आहे' असं बटण होतं, हे मला आत्ता दुरुस्तीवाल्याकडून कळलं. रोज माझ्यासाठी दाबत होते. आता तो फोन उघडायला त्यांचाच अंगठा लागतो.

तेराव्यापर्यंत तुम्ही इथे होतात तोवर लोकांचे फोन येत, म्हणून तुम्ही तो चार्ज करून ठेवत होतात. तुम्ही गेलात आणि तो बंद पडला. सकाळी मी भाजी निवडत होते, तर पॅनेलमधली बाई म्हणाली, "घराचा मालक बाहेर गेला आहे. घर रिकामं आहे." पडदे लागले, कुलूप बसलं, आणि बाहेरच्या खोलीत रेडिओ सुरू झाला, घरात कुणीतरी आहे असं चोरांना वाटावं म्हणून! बघायला उठले, तर भोंगा. वरचे मास्तर काठी घेऊन धावत आले.

"आत कोण आहे?"

"मी!"

"मी कोण?"

भावजी, पटकन उत्तरच सुचेना. (यांची बायको, असं सांगायची सवय.) तेवढ्यात मास्तरीणबाईंचा आवाज आला, "अहो, आवाज ओळखा की! रोज साखर मागून आणता त्यांच्याकडून!"

मास्तरांनी दुरुस्तीवाला बोलावला. कुलूप उघडून तो म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटांचं काम. साहेबांचं नाव पुसतो, तुमचं टाकतो."

"राहू दे सध्या."

"मग परत वाजेल हं."

"वाजू दे," म्हटलं, आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन चार्ज करते. पॅनेल म्हणतं, "मालक घरी आहे." पडदे उघडतात. घराशी खोटं बोलतेय, हे मला कळतं. पण दिवसातून एकदा कुणीतरी ते वाक्य मोठ्याने म्हणतं, भावजी. तर काळजी नसावी. सगळं छान चाललंय.

तुमची,
वहिनी

ता. क. छान चाललंय हे खरं नाही. फोनची बॅटरी फुगली. दुकानदार म्हणाला, "ताई, परत चार्जिंगला लावू नका, फुटेल." हे पत्र मास्तरांकडे बसून लिहितेय; काल दुपारपासून आमचं घर रिकामं आहे. रविवारी याल का? ते नाव परक्या माणसाने पुसू नये असं वाटतं. तुम्ही हात लावाल तेव्हा मी खाली भाजी आणायला जाईन. तासभर लागेल मला.

आणखी एक. आत्ताच माहितीपुस्तक वाचलं. पॅनेलमध्ये मालक असतो, तसे पाहुणेही असतात. मालक म्हणून माझं नाव घाला. त्यांचं पुसू नका, पाहुण्यांत ठेवा. पाहुणा कधी येणार, कधी जाणार, असे दोन रकाने येतील. ते रिकामे सोडले तर त्याला कधीही येता येतं, असं लिहिलंय. रिकामे सोडा.