रकाना क्रमांक चार

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६
पाच महिने इथे एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. पत्नी विमल १९ जूनला गेली. पुढचे दिवस क्रियाकर्म, नातेवाईक आणि दाखले यांत गेले. आता मी पूर्ण सावरलो आहे. हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

संकल्प: तिची बालवाडी बंद पडू द्यायची नाही. सात वर्षांपूर्वी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तिने एक पोर पाहिलं. आई मासळी निवडत होती आणि पोर पाण्यात पडू नये म्हणून कमरेला दोरी बांधून खांबाला अडकवलेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या पेठकिल्ल्यातल्या पडवीत तीन मुलं होती. आज अठरा आहेत. खाऊ आणि मदतनीस सगुणाचा पगार विमल शिवणकामातून भागवायची. मशीन आता बंद. तेव्हा सरकारी अनुदान मिळवायचं. मुदत ३१ मार्च. बांधकाम खात्यात बावीस वर्षं मी मसुदे लिहितो, एकही परत आलेला नाही. महिनाभरात मंजुरी.

रविवार, २३ नोव्हेंबर
अर्जात चौदा रकाने. तेरा एका बैठकीत भरले. चौथा, ‘संचालिकेचे पूर्ण नाव व सही’, तूर्त मोकळा. योग्य व्यक्ती मिळाली की भरू. संस्थेच्या इतिहासाला फक्त चार ओळी जागा ठेवली आहे. अपुरी. स्वतंत्र जोडपत्र करतो.

सोमवार, ८ डिसेंबर
अनुदान कचेरीत गेलो. तिथले हरिश्चंद्र सुर्वे भला माणूस. इतिहास अकरा पानं झाला. त्यांनी तो हातावर तोलून पाहिला. म्हणाले, “भिकाजीराव, हा वाचायला आम्हालाच अनुदान लागेल.” बाकी सगळं ठीक, फक्त रकाना चार राहिला. आधीच्या संचालिका वारल्याचा दाखला जोडा, नवीन नाव लिहा, झालं.

जोडपत्रांचं महत्त्व त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

रविवार, ४ जानेवारी १९८७
पडवीत मुलाखती. सोबत शेजारच्या यमुनाबाई, त्या बालवाडीच्या मंडळाच्या अध्यक्ष. तीन उमेदवार. पहिली खडू फार दाबते. दुसरी गाणं छान म्हणते, पण टाळी भलत्या ठिकाणी वाजवते. तिसरी विमलच्या खुर्चीवर बसली.

तिघी नापसंत. यमुनाबाई भडकल्या. “खुर्चीवर नाही तर काय तुमच्या डोक्यावर बसायचं होतं त्या पोरीनं?” मी म्हटलं, आक्षेप तत्त्वाचा आहे. कुठलं तत्त्व, त्यांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटलं. संध्याकाळ झाली. त्या विसरल्या असाव्यात.

बुधवार, ११ फेब्रुवारी
सकाळी ऑफिसला निघालो तर सगुणा दारात. पदर खोचलेला, कडेवर एक पोर. “भाऊ, माजाच नाव घाला की त्या कागदावर. सही येते मला, बाईंनी शिकवलान. पोरांचा समदा मीच बगतंय ना?”

मी समजावलं की शिक्षणाची अट असते. ती म्हणाली, “कुठं लिवलाय ता?”

दुपारी नियमावली वाचली. अशी अट नाही. पण असायला हवी.

घरी येताना स्वतःला विचारलं, मी तिच्यावर अन्याय तर करत नाही ना? मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजू तपासल्या. नाही. जूनपासून तिला पगार नाही, हे मात्र खरं. “मार्चपातूर बगीन. मग धक्क्यावर जावा लागंल, भाऊ,” असंही म्हणाली होती. मार्चला अवकाश आहे.

रविवार, १ मार्च
जोडपत्र आठ, नकाशा. पडवी ते धक्का अंतर पावलांनी मोजलं. जाताना ६१२, येताना ६२७. चढामुळे असेल. प्रामाणिकपणे दोन्ही आकडे दिले.

धक्क्यावरच्या सखूची चिमा, वय वर्षं साडेतीन, हिचा रोजचा एकच प्रश्न. “बाई आल्या?” बाई मुंबईला गेल्यात असं आयांनी मुलांना सांगून ठेवलं आहे. लहान मुलांशी खोटं बोलणं मला मान्य नाही. योग्य वेळी मी स्वतः खरं सांगणार आहे. आज घाई होती.

सोमवार, ३० मार्च. पाडवा
यंदा आमच्याकडे गुढी नाही. फाईल घेऊन दहाला कचेरीत पोहोचलो. कुलूप. आज सुट्टी असते, हे कॅलेंडरवर लाल अक्षरात छापलेलं आहे. काही हरकत नाही. उद्याचा अख्खा दिवस आहे. फाईल देखणी झाली आहे. दहा जोडपत्रं. नववं, विमलच्या मृत्यूचा दाखला.

चालता चालता ठरवून टाकलं. सगुणाचंच नाव लिहायचं. मला हलकं वाटलं.

मंगळवार, ३१ मार्च, सायंकाळी ६
चारला कचेरीत. हरिश्चंद्रांनी शिक्का काढूनच ठेवला होता. सगुणाचं नाव घालतो, असं मी त्यांना सांगितलं. “लिहा एकदाचं नाव.” मी लिहिलं. अक्षर फार चांगलं आलं.

त्यांनी वाचलं. शिक्का खाली ठेवला. मग फाईल माझ्याकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाले, “भिकाजीराव, तुमचंच जोडपत्र नऊ बघा.”

रकाना चारमध्ये मी लिहिलं होतं: सौ. विमला भिकाजी शेट्ये.

ते म्हणाले, “एक रेघ मारा, बाजूला सही करा, खाली त्या सगुणाबाईंचं नाव लिहा. त्यांची सही मागाहून घेऊ. पाचपर्यंत मी बसलोय.”

रेघ मारायला काहीच अडचण नव्हती. परंतु बावीस वर्षांत खाडाखोड केलेला कागद मी कुठल्याही कचेरीत दिलेला नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पेन उघडं धरून बसलो. पाच वाजले. शिपाई खिडक्या लावू लागला.

हरिश्चंद्र फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. का, ते कळलं नाही.

बुधवार, १ एप्रिल
प्रकरण फेटाळलेलं नाही. पुढच्या वर्षावर गेलं आहे, इतकंच. सगुणाला तसं सांगितलं. ती “बरां” म्हणाली. चटया गुंडाळल्या, पाट्या कोनाड्यात रचल्या. मग विमलची खुर्ची पुसली. ती रोजच पुसत होती म्हणे. मला वाटायचं, खुर्चीवर धूळच बसत नाही.

गुरुवार, १६ एप्रिल
पंधरा दिवस पडवीत शांतता आहे. वाचन करायचं ठरवलं होतं. झालं नाही.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. ६१२ पावलं. लिलाव संपत आला होता. बर्फाच्या पेट्यांपाशी एका खांबाला निळी नायलॉनची दोरी, दुसऱ्या टोकाला चिमा. गाठ सैल बांधलेली, कमरेला काचू नये म्हणून फडकं घातलेलं. मला पाहून दोरी पोचेल तितकी पुढे आली.

“बाई आल्या?”

मी खाली बसलो. म्हटलं, बाई येणार नाहीत, चिमा. बाई वारल्या. हा शब्द मी तोंडाने पहिल्यांदा उच्चारला. दाखल्यावर वाचला होता.

तिने थोडा विचार केला. मग कोळंबीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. सगुणा तिथे पाठमोरी बसून निवडत होती. “मग ती आमची दुसरी बाई? ती तर हाय ना?”

सगुणाने वळून पाहिलं. तिने मान हलवली आणि पुन्हा निवडायला लागली.

घरी येऊन कपाटातला कोरा अर्ज काढला. पुढची मुदत अकरा महिन्यांनी. तरीही आधी रकाना चार भरायला घेतला. ‘सगुणा’ लिहिलं आणि पेन थांबलं. या वेळी कारण वेगळं होतं. सात वर्षं ही बाई माझ्या पडवीत रोज आली. तिच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही. आडनावही नाही. अकरा पानांच्या इतिहासात ती ‘मदतनीस: एक’ एवढीच आहे.

उद्या: सगुणाला तिचं पूर्ण नाव विचारणे.