झाकणाच्या आतली खूण

प्रिय टिकटिक,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू हसून विषय बदलतेस आणि मी बदलू देतो, म्हणून कागद घेतला. शिवाय गेले तीन आठवडे तुझा फोनच नाही. कामात असशील, असंच आधी मी समजत होतो.

आईचं कानाचं यंत्र बंद पडलंय, हे तुला माहीत आहे. डावा कान केव्हाच गेला, उजव्यावर सगळा कारभार. आता कुणी काही बोललं की ती हो हो म्हणते, आणि बाकीचे हसले की जरा मागाहून हसते. परवा शेजारीण तिच्या भावाच्या आजारपणाचं सांगत होती, तर आई म्हणाली, छान छान. शेजारणीचा चेहरा बघून तिला कळलं काय झालं ते. तेव्हापासून कुणी आलं की ती स्वयंपाकघरात जाऊन बसते. माझ्याशीही फारसं बोलत नाही. इतकी वर्षं जिच्या बडबडीला मी वैतागायचो, तीच आता गप्प झाली आहे आणि मला ते सहन होत नाही.

हे यंत्र आपण तुझ्या दुकानातून घेतलं ते तू तिथे आहेस म्हणून. आमची लेक तुमच्या मुख्य कचेरीत तक्रारी बघते, हे मी काउंटरवरच्या माणसाला दोनदा ऐकवलं होतं. हमी दोन वर्षांची, यंत्र सातव्या महिन्यात मुकं. दुकानात गेलो तर म्हणाले, यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे जा. कंपनीला फोन लावला तर म्हणाले, ज्यानं विकलं त्याला विचारा. नुसती टोलवाटोलवी. तिसऱ्या खेपेला काउंटरवाल्यानं यंत्र हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की ओल शिरल्याने बिघाड, हमी लागू नाही. गेल्या महिन्याच्या चार तारखेची चिठ्ठी आहे, जपून ठेवली आहे. माझ्या डोक्यात तिथेच किडा वळवळला. झाकण न उघडता याला आतली ओल दिसली कशी? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, मला कधी दिसली नाही.

तू म्हणशील, बाबांना काय, सगळ्यांचाच संशय. आहेच. आई म्हणते की डॉक्टर नाडी बघत असले तरी तुमचं लक्ष त्यांच्या घड्याळाकडे. पण माझा धंदाच तो होता. गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं की घड्याळ पडलं नाही, आणि आतल्या चाकाचा आस वाकलेला निघायचा.

मग नऊ तारखेला, रविवारी दुपारी आई आडवी झाल्यावर, मी ते यंत्र उघडलं. इथे माझं चुकलं, कबूल. भिंग लावून बघितलं तर आत ठणठणीत कोरडं. एका तारेचा सांधा कारखान्यातच नीट बसलेला नव्हता, तार नुसती टेकलेली. मी काहीच हलवलं नाही. पण झाकण लावताना हाताची सवय आडवी आली. घड्याळ उघडलं की आम्ही झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतो. पुढे कुणी उघडलं तर आधी कुणाचा हात लागला होता ते त्याला कळावं. माझ्या दोन उभ्या रेघा, एक तिरकी, खाली तारीख, सगळं कोरून झालं आणि मग लक्षात आलं की हे घड्याळ नव्हे. कर्म माझं.

दुसऱ्याच दिवशी यंत्र आणि लेखी तक्रार मुख्य कचेरीत दिली. तुझं नाव मुद्दाम घेतलं नाही, तुला अडचण नको म्हणून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ओलीचा आता उल्लेखच नाही. यंत्र बाहेरच्या माणसानं उघडलं, सबब दुकान जबाबदार नाही. सोबत माझ्या खुणेचा मोठा केलेला फोटो. त्यात तारीख नाही. रेघांच्या बरोब्बर खाली कापलाय. ती दिसली असती तर चिठ्ठी शेजारी ठेवून कुणालाही कळलं असतं की नकार चारला मिळाला आणि झाकण नऊला उघडलं.

आधी मी काउंटरवाल्यावर संशय घेतला, मग कंपनीच्या कारागिरावर. पण पत्रात एक वाक्य आहे की अशी खूण घड्याळ दुरुस्त करणारे करतात. ते वाक्य मी चार दिवस वाचत होतो. ही रीत आज माहीत कुणाला? माझ्या टेबलाशी स्टुलावर बसून गृहपाठ करणाऱ्या, आणि मग स्वतःच्या कंपासपेटीत तशाच रेघा ओढणाऱ्या एका मुलीला माहीत आहे. खालच्या सहीतलं नाव लागत नाही, पण शेवटचं अक्षर तू शाळेपासून असंच खाली ओढतेस. तारीख तू कापली नसशील, वरच्या कुणी कापून कागद तुझ्यापुढे सरकवला असेल, असाही एक संशय मला आहे. तोच खरा निघावा असं वाटतं.

मी ग्राहक मंचाकडे अर्ज केला आहे. आपला वकील मित्र म्हणतो की हमी चालू असताना विकणाऱ्याला असे हात झटकता येत नाहीत, आणि नकार आधी दिला असेल तर नाहीच नाही. येत्या अठरा तारखेला सुनावणी आहे. दुकानातर्फे सही करणाऱ्या अधिकाऱ्यानं हजर राहावं अशी नोटीस दोन-चार दिवसांत तुझ्या टेबलावर येईल. ती येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. यंत्र मी उघडलं हे मी तिथे स्वतः सांगणार आहे. तू फक्त पूर्ण फोटो आण. त्यानं तुझ्या नोकरीला धक्का लागू शकतो हे मला कळतं, म्हणून जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठव, मी तुला कधी काही विचारणार नाही. पण स्वतः येऊन ही खूण कुणाची ते ठाऊक नाही, असं म्हणू नकोस. कचेरीचं ते उत्तर मी आईला दाखवलेलं नाही. ती माझ्याबरोबर यायचं म्हणते आहे. तिथलं तिला काही ऐकू येणार नाही, त्यामुळे ती सगळा वेळ तुझ्या तोंडाकडेच बघत बसेल.

काही झालं तरी तुझाच,
बाबा