रिकामी पिशवी

आई,

तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तक्रार तुझ्याकडेच करावी लागते आहे. या रत्नागिरीत माणसाला कुठेही न जाता चालता येत नाही. आजचीच सकाळ घे. घर ते मांडवीचा किनारा एवढ्या अंतरात सहा जणांनी हटकलं. "कुठे निघालात?" "कुठे नाही, चालतोय." "चालताय ते दिसतंय हो, पण कुठे?" एकाने तर मला बळंच स्कूटरवर बसवून थेट किनाऱ्यावर सोडलं. माझी दोन हजार पावलं त्याने परोपकारात बुडवली.

हे चालणं माझ्या हौसेचं नाही. दोन वर्षांपूर्वी, पन्नाशीत, डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "साखर आईच्या वळणावर चाललीय. पुढचंही तिच्यासारखंच करायचंय का?" तेव्हापासून तीन भाकऱ्यांची दीड झाली, भात मूठभर, रात्रीचं जेवण साताला आणि रोज तासभर चाल. उपास नाही, चूर्ण नाही, रोज तेच आणि तेवढंच. नऊ किलो उतरले. त्यातले दोन गणपतीत परत आले, पाहुण्यांसारखे, आणि पाहुण्यांसारखेच हलायचं नाव घेईनात. मोदकांपुढे माझं काही चालत नाही, ते तुला माहीतच आहे.

तुलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, माझ्याच वयाची असताना. पण बाईमाणूस नुसतंच रस्त्याने चालतंय हे आपल्या आळीला पचलं नसतं, म्हणून तू हातात बाजाराची निळी पिशवी घ्यायचीस. पिशवी असली की कोणी विचारत नाही. तू स्वयंपाकघरात येतेस, पिशवीची घडी घालतेस, उभ्यानेच तांब्याभर पाणी पितेस आणि लाल झालेल्या चेहऱ्याने मला सांगतेस, "आज मांडवीपर्यंत गेले रे!" आणि मी, नुकताच विनोदी लेखक झालेला, कान टवकारतो.

रोज बाजारात जाऊन रिकामी परत येणाऱ्या पिशवीवर मी लेख लिहिला. गावच्या साप्ताहिकात छापून आला. आळी हसली. शेजारच्या काकूंनी दोन घरांमधल्या गडग्यावरून हाक मारली, "काय गो, पिशवी आली का बाजारातून?" तूही हसलीस. "चांगलं लिहितोस मेल्या," म्हणालीस. त्याच दिवशी पिशवी दाराआडच्या खिळ्यावर गेली ती गेलीच. गुडघा दुखतो म्हणालीस. मी विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता. चार वर्षांनी तू गेलीस. चालत राहिली असतीस तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी विचारून बघितलं. शरीरावरचं हळूहळू उतरतं गं, तो लेख काही उतरत नाही.

आज किनाऱ्यावरून घरी आलो, खिळ्यावरची पिशवी झटकली आणि घेऊन पुन्हा निघालो. एकानेही विचारलं नाही. चालत चालत बाजारात पोचलो आणि एकदम आठवलं. लेख यायच्या आदल्या दिवशी काकूंनी तुला सांगितलं होतं, "बाजारात चाललीसच आहेस तर मला लाल माठाची जुडी आण." तू म्हणाली होतीस, "उद्या आणते." तो उद्या काही उजाडला नाही.

काकू आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ओटीवर बसलेल्या असतात. मी जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"कोणी सांगितली होती रे ही?"

"तुम्हीच. आईला."

त्यांनी मुळांची माती बोटाने झाडली, पिशवीकडे बघितलं.

"उशीर केलान हो तिने," म्हणाल्या.

उशीर तुझा नव्हता, एवढं सांगायचं होतं. मान हलवली आणि आलो. हे पत्र घडी घालून पिशवीतच ठेवतो आहे.