बर्फाखालचा जाडोबा

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ताईचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आता जिना चढतात, पण घरी परतायचा विषय काढला की त्यांना ऐकू येत नाही. इकडे घर उत्तम आहे. निदान सोमवारपर्यंत तरी होतं.

तुम्ही जाताना बजावलं होतंत, कडाक्याची थंडी पडली की मागचा नळ थेंब थेंब चालू ठेव. पण मी पडलो आईच्या हाताखाली वाढलेला. (तुमचीच सख्खी बहीण. गळका नळ दिसला की लोकांच्या घरीसुद्धा भरल्या ताटावरून उठते.) वाया जाणारे ते थेंब मला बघवेनात, म्हणून मी नळ गच्च आवळला. कोंडलेलं पाणी गोठलं, फुगलं आणि लोखंडी पाईप काकडीसारखा उभा चिरून मोकळं झालं. दिसायला इतकं गरीब, पण अंगात काय रग! तुम्ही जन्मभर पाण्याबद्दल अदबीने का बोलता, ते तेव्हा कळलं.

मग लक्ष गेलं हौदाकडे. हौदाची पार फरशी झालेली आणि तिच्याखाली मामींचा जाडोबा. मामी गेल्यापासून तो मासा तुम्ही कुणाला हात लावू दिला नव्हतात, आणि माझ्यावर सोपवलात. जे पाणी लोखंड फाडतं, ते माशाची काय गत करेल? मी हातोडा घेऊन धावलो. (रडत होतो. शेजारणीने पाहिलंय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.)

ही शेजारीण शाळेत शास्त्र शिकवते. तिने कुंपणावरूनच दटावलं, “ठेवा तो हातोडा! थंडीने नाही, तुमच्या दणक्याने मरेल तो.” मग तिने उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर नुसतं टेकवून ठेवायला लावलं आणि बर्फ वितळेपर्यंत माझी शाळा घेतली. म्हणे, पाणी गोठताना फुगतं म्हणूनच हलकं होतं आणि वर तरंगतं. वरचा बर्फ पांघरूण होतो, आणि त्यातल्या त्यात उबदार, चार अंशांचं पाणी सगळ्यात जड म्हणून तळाशी बसतं. बर्फ बुडाला असता, तर हौद तळापासून गोठत आला असता आणि मासे कधीच संपले असते. म्हणजे बघा मामा, ज्या खोडीने आपला पाईप फाडला, तिच्याच जिवावर जगातली तळी जिवंत आहेत! मी तर पाण्याला मनोमन हात जोडले.

पातेल्याने गोल भोक पाडलं. आत डोकावलो. तळाशी जाडोबा, कल्ले हलवत, झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा रडलो. (तेही शेजारणीने पाहिलं.)

ताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांगा.

तुमचा,
भाचा

ता. क. बर्फ वितळलाय. माझी चाहूल लागली की जाडोबा वर येतो, चेहरा बघतो आणि खाणं तसंच ठेवून खाली जातो. मामी नाहीत म्हणून तुम्हाला घर नकोसं वाटतं, ते कळतं मला. पण मामा, इथे कुणीतरी तुमची वाट बघतंय.

ता. क. २. पाईपची काळजी नको. बाहेरचा प्लंबर तुम्हाला खपत नाही, म्हणून सांधा मी स्वतःच जोडलाय. गळतो. पण थंडीत थेंब थेंब चालू ठेव, असं तुम्हीच तर सांगितलं होतंत.