यंत्राला ऐकू आलं

३ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आमच्या यंत्राचे कानही तुमच्यासारखेच. टपालातून चोरून येणाऱ्या गोळ्या-पावडरी पार्सल न उघडता ओळखायच्या, हे त्याचं काम. चुंबक लावून रेडिओलहरी सोडल्या की औषध बारीकसं उत्तर देतं, पण ट्यूबलाइटची गुणगुणही त्याहून मोठी. अर्धा किलोच्या खाली काही कळत नाही. म्हणून बाहेरची गुणगुण अडवणाऱ्या, तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या गार खोलीत दिवसभर एकटी असते. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून आकडे मोठ्याने वाचते.

हृदयाची गोळी रोज घेताय ना? कळवा, जीव टांगणीला आहे.

तुमची भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकू दुपारचं जेवण झालं की गोळी हातावर ठेवतात आणि हवालदारासारख्या उभ्या राहतात. एकही चुकलेली नाही. खोली गार आहे म्हणतेस, तर माझा स्वेटर पाठवतो आहे. बाह्या दुमडून घे.

लोभ आहेच, पत्र मात्र लवकर पाठव.

बाबा

२४ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

घरचं पार्सल मी आधी यंत्रात ठेवते. त्यात काही नसतं, तेव्हा यंत्राने गप्प राहायला हवं. काल लहरी टिपणारं तारेचं नवं वेटोळं बसवलं, तुमचं पार्सल ठेवलं आणि औषध सापडल्याचा लाल दिवा लागला. दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली असं वाटलं. उघडलं तर स्वेटरच्या खिशात एकेचाळीस गोळ्या. इतकं थोडं यंत्राला आजवर ऐकू आलं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली, सगळे हात मिळवून गेले. गोळ्या कुणाच्या, हे मी सांगितलं नाही.

बाबा, असं का केलंत? मी रागावले आहे. त्याहून जास्त घाबरले आहे.

भिंगरी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

चोरी कबूल आहे. गोळीने संध्याकाळपर्यंत गाढ झोप लागते आणि टपाल दुपारी येतं. तुझी पत्रं रजिस्टरने येतात, त्यांना सही लागते. एकदा पोस्टमन दार वाजवून पत्र परत घेऊन गेला, पुढे दोन सुट्ट्या आल्या. ते तीन दिवस मी घरात नुसता येरझारा घालत होतो. तेव्हापासून काकूंसमोर पाणी प्यायचो आणि गोळी स्वेटरच्या खिशात टाकायचो; पाठवताना खिसा रिकामा करायचा राहिला. पत्रासाठी औषध बुडवतो, हे कुणाला सांगणार?

काल डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झोपताना घ्या. एवढंच होतं. आता घेतो आहे, काकूंची शपथ.

रजा काढून येण्याची गरज नाही, असं लिहिलं होतं. ती ओळ खोडली आहे. ये.

बाबा