विहिरीच्या तळाशी बसलेली बाई

धरणगाव, शुक्रवार

ती. मोतीलालभाऊ यांना जीवरामचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? कपाशी वेचायला माणसं मिळाली का? इकडे सगळं ठीक, म्हणजे माझे अंगठे सोडून.

अंगठ्यांचं कारण तुमची भाची. हेमांगी पुण्यात व्हिडिओ गेम बनवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (लग्नाचं विचारलं की ती गेमचं सांगत बसते.) नवा गेम वयस्कर माणसांना जमतो का बघा, म्हणून मागच्या रविवारी तिने तो आमच्या टीव्हीला जोडून दिला. जुन्या काळचा किल्ला, त्यात एक हेर मुलगी, आणि तिला आपण दोन्ही अंगठ्यांनी पळवायचं. मी तिला किल्ल्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत अकरा वेळा पाडली. (कुंदा म्हणाली, टपाल वाटताना सायकलवरून तुम्ही असेच पडायचे.) बाराव्या वेळी भलतंच बटण दाबलं गेलं, मुलीने तळाच्या भिंतीला लाथ घातली आणि एक दगड सरकला.

आत फार जुनी खोली. कोनाड्यात पणती, आणि पाठमोरी एक म्हातारी धान्य पाखडत बसलेली. पुढे काही करताच येईना. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर कुंदा म्हणाली, "राहू द्या. बिचारी एकटीच बसेल आहे."

दुसऱ्या दुपारी कुंदा स्वतःचं सूप आणि तूर घेऊन टीव्हीसमोर बसली. थोड्या वेळाने दोन्ही सुपांचा आवाज एका लयीत येऊ लागला. कुंदा थांबली की म्हातारीही थांबे. कुंदाला हसू आलं, मी खुर्ची मागे ओढली.

हेमांगीला फोन करून खोली छान केलीस म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, विहिरीच्या तळाशी आम्ही खोली केलेलीच नाही."

कुंदाला हे सांगायचं मी टाळलं. काल दुपारी म्हातारी जराशी सरकून बसली, शेजारी एक माणूस मावेल इतकी. कुंदा ते बघत राहिली, मग भावाची आठवण येते म्हणाली आणि तुमच्याकडे बोदवडला यायला निघाली. स्टेशनपर्यंत येतो म्हटलं, तर नको म्हणाली.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा,
जीवराम

ता.क. जाताना कुंदाने सूप सोबत नेलं. तुमच्याकडे सूप नाही का?

ता.क. दुसरा. आत्ता खोलीत दोघी पाठमोऱ्या बसल्या आहेत. दुसरीचा अंबाडा मी चाळीस वर्षं पाहतो आहे. कुंदा पोचली असेल तर दोन ओळी टाका. फोन लावायला माझा हात धजत नाही. टीव्ही मी बंद केलेला नाही.